लॉबीत बसायला पैसे पडत नाहीत

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे शिरोळ तालुक्यातले, आता राजारामपुरीत असतो. मुलगा फ्लोरिडात, ऑर्लँडोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. मेअखेर मी आणि मंडळी अडीच महिन्यांसाठी त्याच्याकडं चाललोय. डिस्नेच्या पार्कचं एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे म्हणे. मुलगा काढतो म्हणतो, पण आम्हाला त्या पाळण्यांत बसायचं नाही, माझा गुडघाही साथ देत नाही. मागं याच सदरात तुम्ही लिहिलं होतं की तिथली हॉटेलं फुकट बघता येतात. खरंच कुणी अडवत नाही का? मुक्कामाला नसताना दुसऱ्याच्या हॉटेलात शिरायचं म्हणजे चोरासारखं वाटतं. आणि हॉटेलात बघायचं तरी काय?

उत्तर : चोरासारखं वाटतं म्हणालात, तिथूनच सुरुवात करते. पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही पाऊल दारातच घुटमळलं होतं. मी मंगळवार पेठेत वाढलेली. आपल्याकडं मोठ्या हॉटेलच्या दारात फेटेवाला दरवान दिसला की आपण पलीकडच्या फुटपाथनं जातो. लेकीनं दंडाला धरून आत नेलं. दारातला माणूस हसून ‘जांबो’ म्हणाला, आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला हा नमस्कार, आणि आम्ही कोण, कुठल्या खोलीत उतरलोय, हे त्यानं विचारलंच नाही. सगळी भीड त्या दारात गळून पडली.

न विचारण्याचं कारण साधं आहे. या हॉटेलांतली खानावळ, दुकान, कॉफीचा गाडा हे सगळं बाहेरच्यांसाठीही असतं. लोकांनी यावं, बघावं, चार घास खावेत आणि पुढच्या वेळी इथंच उतरावं, अशीच ती बांधलेली आहेत. म्हणून लॉबी, अंगण, तळ्याकाठची वाट, बाजारपेठेसारखे मोकळे भाग यांना तिकीट नाही. पोहण्याचा तलाव मात्र फक्त मुक्कामी पाहुण्यांचा. तिथं पायही बुडवायचा नाही. खोल्यांच्या बोळांतूनही हिंडायचं नाही, लोक सुट्टीला आलेले असतात. एवढं पाळलं की तुम्ही चोर नाही, पाहुणे आहात.

गाडीनं गेलात तर फाटकावर सुरक्षारक्षक थांबवतो, चालकाचं ओळखपत्र बघतो आणि काय काम आहे विचारतो. तिथं खरं तेच सांगायचं. सगळ्यांत सोपं म्हणजे मुलाला सांगून त्या हॉटेलातल्या एखाद्या खानावळीत आधीच टेबल राखून ठेवायचं. मग प्रश्न उरत नाही, आणि पार्कवर गाडी लावायला जे पैसे पडतात तेही पडत नाहीत. गर्दीच्या दिवसांत बुकिंग नसलेल्यांना फाटकावरून परत पाठवतात. नाताळ ते नवीन वर्ष हा तसा काळ, आणि तुमच्या मुक्कामात येणारा ४ जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिनही तसाच. तेवढे दोन-तीन दिवस घरीच काढा. डिस्ने स्प्रिंग्ज नावाची त्यांची मोठी बाजारपेठ आहे, तिथं गाडी लावणं फुकट आणि हिंडणंही फुकट. तिथून हॉटेलांकडं बसगाड्या जातात, पण चढताना बुकिंग विचारलं जाऊ शकतं, त्यामुळं सगळा दिवस त्यांच्या भरवशावर आखू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, बघायचं काय. हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं पलंग, पंखा आणि चहाची किटली येते. तिथं प्रत्येक हॉटेलानं एक मुलूख उचलून आणलाय. तुम्ही शेतीवाडीतले, म्हणून तुम्हाला पहिल्यांदा अ‍ॅनिमल किंगडम लॉज सांगते. ते २००१ मध्ये उघडलं. घोड्याच्या नालेसारखी वळलेली इमारत, वर शाकारलेलं छप्पर, लॉबीत ढालींसारखी झुंबरं. शिरल्यावर लगेच समोरच्या, जनावरांचा माळ दाखवणाऱ्या काचेकडं धावू नका. लॉबीतच नायजेरियातल्या इग्बो लोकांचा इजेले मुखवटा आहे. मुखवटा म्हणजे चेहऱ्यावर बांधायचा असं वाटेल, पण हा सुमारे चार मीटर उंच असतो. त्यावर माणसं, जनावरं, साप असा अख्खा गाव बसवलेला असतो, आणि तो अंगावर घेऊन माणूस नाचतो. एक इजेले तयार करायला आणि तो ठेवायला मांडव घालायला शंभर माणसं सहा महिने राबतात. २००९ मध्ये युनेस्कोनं ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. मला त्या क्षणी चैत्र यात्रेतल्या जोतिबाच्या सासनकाठ्या आठवल्या. डोंगरावर गुलालात न्हालेली, आभाळात झुलणारी ती काठी पेलताना माणसाच्या मानेची शीर कशी ताठते, ते तुम्हीही पाहिलं असेल. त्या मुखवट्याखालचा माणूस मला तिथं उभ्या उभ्या दिसला.

मागच्या दारानं बाहेर पडलं की खडकांतून एक वाट जाते आणि पुढं गवताळ माळ उघडतो. जिराफ, झेब्रे, हरणं मोकळी चरत असतात. मधला खंदक आणि कुंपण अशा बेतानं लपवलंय की आपल्यात आणि त्यांच्यात काही आहे असं वाटतच नाही. पण सकाळी जा. साडेसात-आठला. फ्लोरिडाचं जूनमधलं ऊन अकरानंतर आपल्या एप्रिलसारखं भाजतं, तेव्हा जनावरंही सावली धरतात. दुपारी बहुतेक वळवासारखा गडगडाट होऊन पाऊस येतो. त्यामुळं सकाळ नाहीतर संध्याकाळ.

तिथं मी सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिले ती जिराफापाशी नव्हे, गाईपाशी. आंकोले वाटुसी नावाची ही जात पूर्व आफ्रिकेतली, युगांडा-रवांडाकडची. अंग तांबूस, बांधा फार मोठा नाही, पण शिंगं बघत राहावं अशी. मुळाशी माझ्या मांडीएवढी जाड, बाहेर वळून वर गेलेली, आणि मान वळवताना ती गाय शिंगांचा अंदाज घेऊन वळवते. दारातून लांब बांबू बाहेर काढताना आपण कसा तोलून काढतो, तशी. खिलारीची शिंगं लांब, मागं वळलेली, टोकदार असतात. ही त्यांच्यापुढं ओंडके. माळाच्या कठड्याशी उभा असलेला मार्गदर्शक तरुण दक्षिण आफ्रिकेतला होता. त्यानं सांगितलं की हे शिंग वजनाला दिसतं तेवढं जड नसतं, आतून पोकळ्या असतात आणि रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, उन्हात अंगातली उष्णता त्यातून बाहेर पडते. मी त्याला बेंदूर सांगितला. शिंगं घासून रंगवायची, बेगड लावायची, गळ्यात घुंगरमाळा, पुरणपोळीचा घास आणि मग मिरवणूक. लेक इंग्रजीत सांगत होती आणि मी हातानं दाखवत होते. तो म्हणाला, “आमच्याकडं आजोबा गुरांना नावानं हाका मारायचे, तुमच्याकडं?” मी माहेरच्या बैलजोडीची नावं सांगितली, त्यानं ती दोन्ही नावं जिभेवर घोळवून पुन्हा म्हणून दाखवली. सर्जा त्याला लगेच जमलं, ढवळ्याचा ढ काही केल्या येईना. अर्धा तास तिथंच गेला. यंदाचा बेंदूर तुमचा तिकडं जाणार, तर त्या दिवशी सकाळी याच माळावर जा. मंडळींना नक्की न्या.

याच लॉजच्या दुसऱ्या इमारतीत, किदानी व्हिलेजमध्ये, ‘सना’ नावाची खानावळ आहे. तिच्या खिडक्यांतूनही माळ दिसतो. हिंदी महासागरातून आफ्रिकेचा किनारा आणि आपला देश यांच्यात मसाल्याचा व्यापार शतकानुशतकं चालला, त्यावर तिथलं जेवण उभं केलंय. तंदूरमधल्या नान, कुलचा, पनीर पराठा अशा पोळ्या आणि सोबत नऊ तोंडीलावणी येतात. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं. दोघांत एक पुरतं. लसणाचं लोणचं आपल्या जिभेला बेताचं वाटेल, पण लिंबू-मिरचीचं चांगलं झणझणीत आहे. शाकाहारी माणसाचं पोट भरतं आणि टेबल राखल्यामुळं फाटकाचाही प्रश्न सुटतो. म्हणून मी सगळ्यांना पहिलं टेबल इथलंच घ्यायला सांगते.

दुसरं हॉटेल तुमच्या गुडघ्यासाठी. वाइल्डरनेस लॉज, १९९४ चं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजचा आणि याचा वास्तुविशारद एकच, पीटर डॉमिनिक. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल इन नावाचं जुनं लाकडी हॉटेल आहे, त्यावरून हे सुचलेलं. लॉबी कित्येक मजले उंच, अखंड ओंडक्यांचे खांब, दोन बाजूंना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीचे ५५ फुटी कोरीव टोटेम खांब. आणि कोपऱ्यात दगडी शेकोटी, ८२ फूट उंच, तीन बाजूंनी उघडी. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. खडकांचे थर फळ्यावर खडूनं आखून आखून बोटं पांढरी व्हायची. इथं ग्रँड कॅन्यन या अमेरिकेतल्या प्रचंड दरीचे थर त्या शेकोटीच्या चिमणीत खालपासून वरपर्यंत रचलेत. तळाला सगळ्यांत जुना, वर जावं तसा नवा. खालून बघून समाधान मानू नका. लिफ्टनं एकेक मजला वर जा आणि प्रत्येक मजल्याच्या कठड्यावरून तोच दगड कसा बदलत जातो ते बघा. पन्हाळ्याला आपण तीन दरवाज्यापाशी उभे राहतो, खाली काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर तांबडा जांभा असतो, आणि आपण फोटो काढून परत येतो. त्या शेकोटीपुढं बसल्यावर मला वाटलं, आपल्याकडच्या मुलांना हे असं एखाद्या भिंतीवर दाखवलं असतं तर किती जणांचा भूगोल सुटला असता.

वरच्या मजल्यांवर कोपऱ्याकोपऱ्यांत झुलत्या लाकडी खुर्च्या आहेत. तिथं बसा. लॉबीतच एक झरा उगम पावल्यासारखा केलाय, तो खिडकीखालून बाहेर जातो, ओढा होतो, धबधब्यावरून उतरतो आणि तळ्याच्या दिशेनं जातो. पाणी कुठून सुरू झालं आणि कुठं गेलं, हा माग काढत चालायला वीस मिनिटं लागतात, चढ फार नाही. तळ्याजवळ एक बनवलेला उष्ण फवारा आहे, तो साधारण दर तासाला उसळतो. पाणी नळानंच सोडलेलं आहे हे माहीत असूनही मी दोनदा थांबले.

बाकीच्या तिघांचं थोडक्यात. मॅजिक किंगडम पार्कापुढच्या तळ्याभोवती मोनोरेल फिरते, तिला भाडं नाही. बॅगा तपासून सोडतात. ती कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन अशा तीन हॉटेलांवर थांबते. कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन्ही १ ऑक्टोबर १९७१ ला, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच दिवसापासूनची. कंटेम्पररीच्या पोटातूनच गाडी जाते. तिथल्या खोल्या जमिनीवर तयार करून क्रेननं पोलादी सांगाड्यात कपाटाच्या खणासारख्या बसवल्या होत्या. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं टाइल्सचं प्रचंड भित्तिचित्र आहे, त्यात पाच पायांची एक शेळी शोधा, मोनोरेल जाते त्या बाजूला. ग्रँड फ्लोरिडियन १९८८ चं, पांढरं, तांबड्या छपराचं. लॉबीत पियानो वाजत असला तर बसावं, नाहीतर मला ते फार आवडलं नाही, सगळं कसं इस्त्री केलेलं. पॉलिनेशियनला अंधार पडताना जा. अननसाचं, आइस्क्रीमसारखं गार डोल व्हिप घ्या, दुधाचं नसतं ते. तळ्याकाठच्या वाळूत उभं राहिलं की पलीकडं पार्काची आतषबाजी दिसते, आणि रात्री नऊच्या सुमारास पाण्यावरून दिव्यांची तराफ्यांची रांग जाते. कासव, देवमासा, साप, सगळे दिव्यांचे. हा कार्यक्रमही १९७१ पासूनचा. नातवंडं बरोबर असतील तर त्यासाठी थांबाच.

आणि एक विनंती, कळकळीची. मुलगा कामावरून सुट्टी काढून एका दिवसात चार-पाच हॉटेलं दाखवायला बघेल. नको म्हणा. हा सगळा परिसर साधारण २५ हजार एकरांचा आहे, निम्मा दिवस गाडीत जातो. मी पहिल्या वर्षी तसंच केलं आणि घरी आल्यावर कुठली लॉबी कुठल्या हॉटेलची ते मला आठवेना. दुसऱ्या वर्षी एका दिवसाला एकच हॉटेल, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणापर्यंत. तेव्हा कुठं ती गाय, तो झरा, ती शेकोटी माझी झाली. तुमच्याकडं अडीच महिने आहेत. तुमच्यासारखी सवड तिकीट काढून आलेल्यांकडं नसते.

पाण्याची बाटली बरोबर ठेवा. काउंटरवर जिथं पेयं मिळतात तिथं मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. सासूबाई ७४ वर्षांच्या, चाकाची खुर्ची लागते. तिथला आकाशपाळण्यासारखा रोपवे फुकट आहे असं ऐकलं. त्यांना झेपेल का?

उत्तर : झेपेल. त्याला स्कायलायनर म्हणतात, सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही दोन पार्कं आणि काही हॉटेलं त्यानं जोडली आहेत. बसायला पार्काचं तिकीट लागत नाही. डबे सतत सरकत असतात, पण चाकाच्या खुर्चीसाठी बाजूला वेगळी जागा असते. तिथं डबा थांबवतात, खुर्चीसकट आत जाता येतं. डब्यात वातानुकूलन नाही, झरोक्यांतून वारा खेळतो, त्यामुळं सकाळी दहाच्या आत आटपा. वीज कडाडायला लागली की सेवा बंद करतात. जून ते सप्टेंबर दुपारी हे हमखास होतं, तेव्हा परतीची दुसरी सोय मनात ठेवा.

उतरायचं कुठं? रिव्हिएरा हॉटेलपाशी. तिथं रोपवेचं स्थानक आणि हॉटेल यांच्यामधल्या वाटेवर एक बोगदा आहे, त्याच्या भिंतींवर काचेच्या बारीक तुकड्यांची मोझेक चित्रं आहेत. सावली, सपाट जमीन, खुर्ची ढकलायला सोपी. सासूबाईंना भिंतीच्या अगदी जवळ नेऊन एकेक तुकडा बघू द्या. माझ्या आईला मी तिथं नेलं होतं. तिनं एका तुकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “रांगोळी आहे की ही, पुसली न जाणारी.”

प्रश्न : मी गडहिंग्लजची, कोल्हापुरात इंटिरिअर डिझाइन शिकते. अमेरिकेला जाणं लगेच शक्य नाही. एकाच कल्पनेवर उभी केलेली वास्तू फुकट बघायची तर कोल्हापुरात काय बघू?

उत्तर : बाळ, तुझं कॉलेज ज्या गावात आहे तिथंच एका माणसाचं अख्खं काम उभं आहे. मेजर चार्ल्स मँट, ब्रिटिश वास्तुविशारद. टाउन हॉल त्याचा, सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत त्याची, आणि नवा राजवाडाही त्याचाच, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला. देशी आणि विलायती घडण एकत्र करायची ही त्याची कल्पना, आणि ती तू एका सकाळी पायी चालत वाचू शकतेस. टाउन हॉल आणि सीपीआर समोरासमोर आहेत. बाहेरून बघायला तिकीट नाही. टाउन हॉलच्या बागेतल्या बाकावर वही घेऊन बस, आधी फक्त छपराची टोकं काढ, मग कमानी. दोन्हींत काय सारखं आहे ते हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर. राजवाड्यातल्या संग्रहालयाला तिकीट आहे, पण ते शेवटी ठेव. तिथल्या दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. दुपार कलती झाल्यावर ऊन त्या काचांतून आत येतं तेव्हा जा. आवारातल्या तळ्याकाठी हरणंही दिसतात.

मँटचं आणखी एक काम तुला पुढं कधीतरी बघायला मिळो. आपले राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये वारले. तिथं आर्नो नदीकाठी, बागेत, त्यांची छत्री आहे आणि ती याच माणसाच्या आराखड्यावरून उभी राहिली. त्या बागेलाही तिकीट नाही. तोवर टाउन हॉलची चित्रं काढून झाली की मला पाठव, निदान चार तरी.